पहिले धक्का देखाना

"पहिले धक्का देखाना. मंग बाकीनं बठ्ठं."

दुपारी शेवटची जखम बांधून झाली की आबा दवाखान्याच्या दगडी बाकावर टेकायचे, चपला काढायचे आणि ओल्या बोटाने बाकावर नकाशा काढायला लागायचे. ही नदी. हा बोटी लागायचा धक्का, त्यावर घराएवढे शेंगांचे ढीग. मग बाजार, आणि बाजाराच्या टोकाला सावरीचं मोठं झाड. झाडाशी आले की बोट उचलायचे. पिंपळनेरच्या उन्हात तोवर नदी वाळून गेलेली असायची.

हे गाव पश्चिम आफ्रिकेतलं, बाथर्स्ट नावाचं. नदीकाठचं बंदर. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत मी दवाखान्यात कंपाउंडर होतो आणि आबा जखमा बांधणारे ड्रेसर. आबा लढाईवर जाऊन आलेले, बाकी आमच्यातलं कुणी धुळ्याच्या पुढे फारसं गेलेलं नव्हतं. पण बाथर्स्टात काय काय बघायचं, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

रोग्यांना तर जरा जास्तच. त्या गावाजवळ मगरींचं तळं होतं. जखमेला चिकटलेली पट्टी सोडवायची वेळ आली की आबा तळ्याकडे वळायचे. "मगरी शेतस, पन चावत नहीत. लेकरू व्हत नही त्या बाया तठे आंघोयले जातस." मगर काठावर येईतो पट्टी आबांच्या हातात आलेली असायची. पुढे लोक शहाणे झाले. एक म्हातारा तर आधीच ओरडायचा, "आबा, मगर नको! आजून बजारमाच फिरू!"

हसून घ्या. आम्हीही खूप हसलो.

आबा थकलेले असायचे. दिवसभर उभं राहून पाय सुजायचे, आणि तरी संध्याकाळी ते कुणाच्या ना कुणाच्या दारावर जायचे. आमच्याकडे कुणाच्या घरात कुणी वारलं की दारावर जायची रीत आहे. फारसं बोलायचं नसतं, नुसतं बसायचं. पण नात्याचं ना गोत्याचं, अशा वाडी-पाड्यावरच्या घरीसुद्धा आबा चालत जायचे. त्यांची बायको, आम्ही तिला अक्का म्हणायचो, कावून म्हणायची, "सोताना पाय सुजेल शेतस, तरी लोकेसना दारवर फिरतस."

एकदा मीच त्यांना विचारलं, "आबा, कशाला एवढी पायपीट?"

ते पाय चोळायला लागले. मग सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशाच्या सीमेवर लष्करी इस्पितळात होते. तिथे त्यांच्याकडे इंग्रजांच्याच फौजेतला एक आफ्रिकेचा शिपाई होता, पाय सडलेला. मोडक्यातोडक्या हिंदीत तो रोज आपलं गाव ओल्या बोटाने काढून दाखवायचा. आबा म्हणायचे, तू बरा हो, मी येतो बघायला. तो म्हणायचा, पहिल्यांदा धक्का, मग बाजार, तळं राहू दे दुसऱ्या दिवसासाठी. शेवटी झाडामागचं घर. माझी आई झाडाखाली शेंगा विकते, तीच घेऊन जाईल.

एका सकाळी तो गेला.

"त्यानी मायले कागद गया व्हई सरकारना," आबा म्हणाले. "पन कागद काय दारवर बसस?"

 

त्या दिवाळीत रजा काढून ते मुंबईला गेले. बंदरावर बाथर्स्टला जाणाऱ्या बोटीची चौकशी केली. तिथल्या बाबूने विचारलं, "तिथे तुमचं कोण आहे?" आबा पिशवी उचलून निघाले. परत आले ते सरळ कामावरच.

"काय झालं, आबा?"

"धक्का देखी उनू," ते म्हणाले आणि पट्ट्या उकळायला लागले.

त्यानंतर मुंबईचं नाव त्यांनी काढलं नाही. नकाशा मात्र रोज व्हायचा, झाडापर्यंत. दारावर जाणंही सुटलं नाही. पुढे काठी आली, मग दम लागायला लागला, तरी जायचेच. एका उन्हाळ्यात निजल्या जागी गेले.

त्यांच्या दारावर किती माणूस आलं म्हणून सांगू! पाड्यापाड्यांवरून लोक चालत आले आणि अंगणात गुपचूप बसले. सगळे उठून गेल्यावर मीही उठायला लागलो, तर अक्काने पाण्याचा तांब्या माझ्यासमोर ठेवला.

"भाऊ, तुले ती वाट याद शे ना?"

मी बोट बुडवलं. फरशीवर नदी काढली, धक्का काढला, शेंगांचे ढीग, बाजार. सावरीचं झाड काढलं आणि सवयीने बोट उचललं. पुढे आबांनी कधी नेलंच नव्हतं.

अक्काने आपलं बोट ओलं केलं. झाडामागे एक लहानसं दार काढलं आणि तळहात त्याच्याशेजारी टेकवून ठेवला.

"आते पोचनात व्हतीन," ती म्हणाली. "दारवर बसनात व्हतीन."

नदी वाळली, धक्का वाळला. अक्काचा हात तिथेच होता.