तासलेले आकडे

मस्कतजवळच्या आमेरातमधल्या त्या इंग्रजी घराच्या कामात मालकाच्या मॅनेजरने मला फसवलं. तो साताऱ्याचा, मी राजापूरचा. म्हणजे आपलाच माणूस.

इंग्लंडातल्या एका जुन्या शेतघराचा लाकडी सांगाडा कंटेनरमधून आला होता. मालकाला त्यात हॉटेल काढायचं होतं. खांब, तुळया, तिरके आधार. खिळा एकही नाही. एका लाकडाचं तासलेलं टोक, म्हणजे कुसू, दुसऱ्याच्या भोकात आणि आरपार लाकडी खुंटी. भार सगळा लाकडावर, भिंती नुसत्या भरायच्या. पण निम्मं लाकूड कुजलेलं. मस्कतच्या गाला भागातल्या माझ्या वर्कशॉपमध्ये ते नव्याने घडवायला चार महिने लागले.

प्रत्येक सांध्याशी ते घर मुळात बांधणाऱ्या जुन्या सुताराने पटाशीने रेघा मारल्या होत्या. एक, दोन, तीन. आधी जमिनीवर जुळवायचं, खुणा करायच्या, सुटं करून जागेवर उभारायचं. माझे वडील छपराचे वासे असेच खुणावत. मी राहतो त्या वादी अदाईच्या खोलीत माझ्याशी बोलायला कुणी नाही. कामावर मी त्या मेलेल्या माणसाशी बोलू लागलो. "बाबा रे, हे कुसू सैल ठेवलंस." सांध्यापलीकडच्या जुन्या लाकडावर त्याच्या रेघा, त्यांच्याशेजारी नव्या तुळयांवर मी माझे मराठी आकडे कोरले. १, २, ३.

"मामा, शाळेची पाटी केलीत की!" मॅनेजर हसला.

"राहू द्यायचे. एवढीच अट."

दरासाठी मी इथल्या अरब शेठशी, अर्बाबाशीही भांडतो. त्या अटीपायी मात्र पहिल्याच बोलण्यात खाली आलो.

"लिहून देऊ?" त्याने विचारलं.

"मराठीत शब्द दिलास ना? खलास, झालं काम."

बाकी सगळ्यांकडून मी सही घेतो.

उद्घाटनाला बोलावणं आलं नाही. नंतर एका शुक्रवारी चहा प्यायला म्हणून गेलो, एकटाच. माझे आकडे रंध्याने साफ केलेले. त्याच्या रेघांवर दिवा लावलेला. दाराशी पाटी : सगळं लाकूड मूळचं.

तिथूनच फोन लावला.

"मामा, गिऱ्हाईक विचारणार, इंग्लंडात हे आकडे कुठले?"

"माझी अट मालकाला सांगितली होतीस का?"

फोन कट. तेव्हापासून तो उचलत नाही.

चहा तसाच ठेवून मी तुळईवर हात फिरवला. तासलेली जागा बोटाला कळते. डोक्यावरचं छप्पर तिच्यावरच उभं आहे.

मॅनेजरसाहेब, तुमच्यामाझ्यात दुसरी भाषा नव्हती. त्या तुळईखाली उभे राहा आणि मालकासमोर मराठीतच सांगा, ही कुणी घडवली?