भिंतीवरची करंगळी

ताईच्या डाव्या हाताला करंगळी नव्हती. लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात गेली होती. वऱ्हाड नुकतंच मुंबई राज्याला जोडलं होतं, त्या सुमाराला अमरावतीची मंडळी तिला पाहायला जठारपेठेत आमच्या घरी आली. वडिलांनी तिला पोह्यांचं ताट असं धरायला लावलं, की बोटं ताटाखाली राहावीत. लग्नातही उजवाच हात पुढे होता, डावा शालूत. वडील वकील होते, त्यांना हे बरोबर साधायचं.

पाठराखीण म्हणून मला ताईबरोबर धाडलं. मी नऊ वर्षांची. "बोट दिसलं तर परत पाठवतील तिला," निघताना वडील माझ्या कानात म्हणाले. त्याचा मला अजून राग येतो.

अमरावतीच्या घरात शिरले आणि दारातच थांबले. देवघराबाहेरची पांढरी भिंत हळदीच्या हातांनी भरलेली होती. त्या घरात आलेल्या प्रत्येक सुनेचे दोन्ही पंजे तिथे होते. कोणता हात थोरलीचा, कोणता आजेसासूचा, हे बायका कौतुकानं दाखवत होत्या. परातीत हळद कालवून तयारच होती.

ताईनं उजवा हात उमटवला. मग झटकन डावा, आणि लगेच तो पदराखाली घेतला. तेवढ्यात कोणीतरी उखाण्याचा आग्रह धरला आणि सगळ्या तिच्याभोवती गोळा झाल्या. भिंतीवर मात्र चार बोटं लख्ख दिसत होती. मी करंगळी हळदीत बुडवली आणि रिकाम्या जागी दाबली.

पंगती उठल्यावर ताईच्या सासूबाईंनी मला त्या भिंतीपाशी बोलावलं. माझा हात धरून त्यांनी करंगळी त्या ठशावर ठेवली. ती बरोबर बसली.

"हे तुयं हाय," त्या म्हणाल्या. "तिचं कुठी गेलं?"

भीतीनं मी सगळं सांगून टाकलं, यंत्र, पोह्यांचं ताट, वडिलांचं कानातलं बोलणंसुद्धा. "तिला परत पाठवू नका," म्हणताना मला रडू फुटलं.

त्यांनी पदराचं टोक ओलं करून माझं बोट पुसलं. पिवळा डाग पुरता गेला नाही.

"या भितीवर आमच्या सुनायचेच हात रायतात," त्या म्हणाल्या. "तुयं काय काम?"

त्या सुनांमध्ये त्यांनी ताईला केव्हाच धरलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत ताईचा पदर सोडला नाही.