बेलफास्टच्या गोल हॉलमध्ये मी ओरडले

"बेलफास्टला? तिथं बॉम्ब फुटतात ना!" ही लंडनमध्ये आमच्या ईलिंग भागात राहणाऱ्या मैत्रिणीची पहिली प्रतिक्रिया. आमचे हे डोळ्यांचे सर्जन. त्यांना तिथल्या कॉन्फरन्समध्ये भाषण द्यायचं होतं. "तू येऊन काय करणार? बोअर होशील," असं ते पुन्हा पुन्हा सांगायला लागले, म्हणून मी हट्टानं माझंही तिकीट काढलं. २००७ चा मे महिना होता.

हीथ्रोहून विमानाला तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो. विमानतळावरून बस थेट गावात सोडते, टॅक्सीच्या भानगडीत पडू नका. शाकाहारी असाल तर हॉटेलात सकाळी तव्यावर भाजलेला पोटॅटो ब्रेड मागा आणि लोणचं घरून न्या. बॉम्ब कुठे दिसला नाही. दिसल्या त्या जिकडेतिकडे क्रेनच.

आणि तो हॉल! लगान नदीच्या अगदी काठावर, गोल, काचांचा, वर हिरवट पडलेला तांब्याचा घुमट. संध्याकाळी तिथं ऑर्केस्ट्रा वाजतो आणि दिवसा अशा परिषदा भरतात. नदीच्या बाजूनं चालत गेलात तर फोटो छान येतात.

दुसऱ्या दिवशी सोबत आलेल्या मंडळींसाठी समुद्रकाठच्या प्रसिद्ध खडकांची, जायंट्स कॉजवेची सहल होती. ह्यांनी मला स्वतः बसमध्ये बसवून दिलं. पण इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्यांचं एकही भाषण ऐकलेलं नव्हतं. ते वळल्यावर मी खाली उतरले आणि गुपचूप हॉलच्या बाल्कनीत जाऊन बसले.

विषय होता, सर्जननं थांबावं केव्हा. ह्यांनी उजवा हात वर धरला. मागच्या पडद्यावर तो भलामोठा दिसला. थरथरत होता.

"हा माझा हात," ते इंग्रजीत शांतपणे म्हणाले. "मला पार्किन्सन्स आहे. वर्षभर मी एकही ऑपरेशन केलेलं नाही."

रोज सकाळी डबा देताना मी विचारायची, "आज ऑपरेशनं किती?" आणि हा माणूस म्हणायचा, "आहेत दोन-चार!" ह्यांनी चहाला कपबशी सोडून जाड कानाचा मोठा मग घ्यायला सुरुवात केली, तेव्हा मी हसून म्हटलं होतं, झालात पुरते इंग्रज.

"अहो!"

मी केव्हा उभी राहिले, केव्हा ओरडले, कळलंच नाही. बारीक सूरही शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा अशी त्या हॉलची रचना. माझा आवाज तर मोकळ्या गळ्याचा. शेकडो डोकी वळली.

ह्यांनी वर पाहिलं आणि ते माइकवरच मराठीत म्हणाले, "बस तू. घरी सांगणार होतो."

"केव्हा?"

"जमत नव्हतं गं."

शेजारच्या अनोळखी बाईंनी हात धरून मला खाली बसवलं. ह्यांनी भाषण पुरं केलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी एकही वाजवली नाही.

संध्याकाळी नदीकाठी मी कडाकडा भांडले. "परक्यांना आधी, आणि मला नंतर?"

"ते उद्या आपापल्या घरी जाणार," ते म्हणाले. "तू माझ्या घरी असणार."

यावर मला रडूच फुटलं.

हॉल बघण्यासारखा आहे, जरूर जा. मला मात्र त्यातला तो पडदाच आठवतो. ईलिंगला पोचतो न पोचतो तोच मँचेस्टरहून मुलाचा फोन, त्याच्या नेहमीच्या मोडक्या मराठीत. "आई, तुझा ट्रिप कसा झाला? डॅडची टॉक?"

"थांब, डॅडच सांगतील," म्हणत मी फोन ह्यांच्या हातात दिला. शेकडो लोकांसमोर न अडखळलेला माझा नवरा "हॅलो बाळा" म्हणाला आणि थांबला. पुढे शब्दच फुटेना. मी फोन परत घेतला आणि मुलाला सगळं सांगितलं, अगदी हळू आवाजात.