भैरवी मध्येच लागली

माझा थोरला भाऊ भजनी बुवा. डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याला, तो बसणार असं कळलं की मालवण तालुक्यातली माणसं जेवणं लवकर उरकून पुढची जागा धरायची. गेल्या पावसाळ्यात त्याच्या घशात गाठ निघाली. गोव्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशननंतर जीव राहील, आवाजाचं सांगता येत नाही. घरी आल्यावर त्याने आधी माळ्यावरच्या जुन्या कॅसेटी खाली काढल्या.

मी वैभववाडीला असते. माझ्या जुन्या लॅपटॉपवर सीडी लिहिता येते म्हणून मला बोलावणं आलं. पेनड्राइव्हवर घालू म्हटलं, तर ऐकेना. सीडी कशी हातात धरता येते, म्हणाला. बुवांपुढे कोण बोलणार. कॅसेटींवरची भजनं मी लॅपटॉपवर उतरवली, फोल्डर मात्र त्याने स्वतः केले, एका बोटाने, इंग्रजीत नावं टाइप करत, कारण आमच्या प्लेअरला मराठी अक्षरं कळत नाहीत. अभंग, गवळण, गजर, भैरवी. मला हात लावू देईना.

पाचवा फोल्डर नमनाचा. तो रिकामाच होता. बारी नमनाने उघडते, पण आमच्याकडचे टेप लावणारे सगळे चिकट. पखवाज सुरात येईपर्यंत कॅसेट कशाला फुकट घालवा, म्हणून बटण दाबायचे ते नमन झाल्यावर. एवढ्या वर्षांत त्याचं एकही नमन कुणी धरून ठेवलं नव्हतं. ऑपरेशनला जायच्या आधीच्या रविवारी पेटी-पखवाजवाल्यांना बोलावून तो ते गाणार होता आणि मी मोबाइलवर घेणार होते. माझा सगळा जीव त्या रविवारात अडकला होता.

शनिवारी दुपारी, नीट वाजते का बघू, म्हणून त्याने एक सीडी लिहून घेतली. बाहेर मळभ होतं, माडाची झावळ हलत नव्हती. अभंग लागले. तो डोळे मिटून मांडीवर ठेका धरून बसला. अभंग संपले आणि भैरवी सुरू झाली. प्लेअर आपला इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने निघाला होता, ए झाल्यावर बी. पण भैरवी म्हणजे शेवट. ती झाली की बुवा पेटी मिटतो, पुढे कुणी गात नाही. भावाचा हात मांडीवरच थांबला. वहिनीचा चेहरा उतरला. भैरवी संपली आणि प्लेअर निर्लज्जासारखा गजराकडे वळला, तेव्हा भावाने उठून बटण दाबलं.

मी हसण्यावारी न्यायला बघितलं. नावांच्या आधी आकडे घातले की क्रम लागतो, चहा होईपर्यंतचं काम आहे, असं समजावलं. मग चिडले. मशीनला काय कळतं, आणि तू कधीपासून असलं मानायला लागलास, असं बरंच बोलले. तो शांतपणे म्हणाला, "भैरवी झाली गो. आता नमन कोणाक करूचा?"

रविवारी पेटीवाला आला आणि चहा पिऊन गेला. मला भावाचा राग आला होता, त्या यंत्राचा आला होता. मी असल्या गोष्टींना भीक घालत नाही, पण त्या दिवशी मला भीती वाटली.

ऑपरेशन झालं. जीव राहिला, आवाज गेला. मी आकडे घालून नवी सीडी करून दिली. तिन्हीसांजेला दिवा लावला की तो ती लावतो. अभंग, गवळण, गजर. त्याचे ओठ हलत असतात. गजर संपत आला की उठतो आणि भैरवीच्या आधी प्लेअर बंद करतो. एक दिवस चुकत नाही, असं वहिनी सांगायची. मला त्याचा धीर वाटायचा. बारी अजून चालू आहे, असं मी मनात म्हणायचे.

परवा मी तिथेच होते. वहिनी विहिरीवर गेली होती. गजर संपला, भैरवी लागली आणि तो उठला नाही. शेवटच्या ओळीपर्यंत ऐकत बसला. प्लेअर आपोआप थांबला. मी जवळ जाऊन विचारलं, "दादा, बंद करूक इसारलंस?"

त्याने माझ्याकडे बघितलं आणि नाही अशी मान हलवली.