मी थांबतो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळत नाही.

आमच्या पलटणीच्या मंदिरात दर रविवारी एक भजन व्हायचं. 'मागच्याला पुढे ने रे देवा, मी थांबतो' हे त्याचं ध्रुपद. ढोलकीवर महादेव — सांगलीकडचा, माझ्या शेजारच्या खाटेवरचा. मी टाळ घेऊन घसा ताणायचो. चढणीवर सोबत्याला सांभाळायचं, एवढाच अर्थ मला लागला होता. फौजेतलं भजन, त्यात आणखी काय असणार?

अठ्ठ्याण्णव साली शिमग्याच्या तोंडावर एकालाच सुट्टी मिळणार होती. पाळी महादेवची. त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले, पोराची वाट बघत होते. आणि मला — मला गावात पालखी नाचवायची होती. बाकी काही नाही. तेवढंच.

मी त्याला सांगितलं, आई आज-उद्याची सोबतीण आहे.

तो बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिला. मग म्हणाला, "जा की लेका. माझा बा दम काढील." आणि स्वतःच साहेबांकडे जाऊन पाळी बदलून आला.

घरी आई धडधाकट. तिनं पुरण घातलं, मी पालखी नाचवली. ढोलांच्या गजरात त्याची आठवण आली नाही का? आली. मी आणखी जोरात नाचलो.

परतलो तर महादेवचं डोकं भादरलेलं. मी सुट्टीवर असतानाच वडील गेल्याची तार आली होती; तो गावी पोचला तोवर सगळं उरकलं होतं. मला बघताच त्यानं विचारलं, "आई कशी हाय?"

"उठून बसली."

"बरं झालं. एक तरी वाचलं."

फौज सुटली, मी रत्नागिरीला परतलो. एका मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरताना तेच भजन गुणगुणत होतो. बायको म्हणाली, "रोज म्हणता, पण हा थांबणारा कोण ओ?"

माझे हात पेंढ्यातच राहिले. देवापुढे उभं राहून आपली पाळी दुसऱ्याला द्यायची — एवढंच मागणं होतं त्यात. मी ते वर्षानुवर्षं तोंडानं मागितलं. आणि ज्यानं दिली, त्याच्याकडून मी ती खोटं बोलून घेतली. त्याचं मागणं पुरं करायला देवानंच मला त्याच्यापाशी पाठवलं असेल का? नाही — ही पळवाट झाली.

तेव्हापासून त्याची ढोलकी फार आठवते. आरे-वारेच्या वळणावर समुद्र दिसला की वाटतं, हा आत्ता शेजारी हवा होता. त्यानं समुद्र कधी पाहिला नव्हता. "दाखव की एकदा," म्हणायचा. कसा बोलावणार? आई घरात हिंडतफिरत होती; त्यानं तिच्या आजारपणाचं विचारलं असतं, तर ती म्हणाली असती, कसलं आजारपण?

गेल्या वर्षी आई गेली. दिवाळीला त्याचा फोन आला, तेव्हा सांगितलं. तो रडला — कधी न पाहिलेल्या बाईसाठी. मग म्हणाला, "तवा तू गेलास ते बरं केलंस बघ. एवढी वर्षं मिळाली तुला."

मी हो म्हणालो.