प्रार्थनेत सांगितलेली गोष्ट

डिचोलीला आमच्या घरी दर शुक्रवारी संध्याकाळी दहा-बारा बायका प्रार्थनेला जमत. वडील बेळगावकडून इथल्या खाणीवर कामाला आले तेव्हा सोबत आणलेलं मराठी बायबल माझ्याकडे होतं आणि त्यातलं बरंच मला तोंडपाठ होतं. कुणाचा मुलगा घरात बोलत नाही, कुणाची सासू अंथरुणाला खिळलेली. मी पानं उलटून जिला तिला वचन काढून द्यायची. बायका वहीत उतरून घेत. मला त्याचं समाधान वाटे. खरं तर अभिमान वाटे, असंच म्हणायला हवं.

माझी धाकटी बहीण केरीला दिलेली. तिचा नवरा मासेमारी करायचा. चार वर्षांपूर्वी खाडीच्या तोंडाशी त्याची होडी उलटली. पोहून सगळे बाहेर आले, कुणाला खरचटलंही नाही. पण त्यानंतर होडीत पाय टाकला की त्याचे हात थरथरायला लागत. कंबर धरली आहे असं गावात सांगून तो घरी बसला. खरं काय ते फक्त बहिणीला ठाऊक होतं. एका सकाळी ती माझ्याकडे आली. मी तांबडी भाजी निवडत होते. तीही समोर बसून देठं मोडायला लागली आणि मोडता मोडता सांगून टाकलं.

"ते रडतात गं, अक्का. होडीकडे बघितलं तरी रडतात. कुणाला बोलू नको हां."

"मी कशाला कुणाला सांगू?" मी म्हटलं.

आणि त्याच शुक्रवारी सांगितलं. नाव घेतलं नाही. माझ्या जवळच्या एका माणसाला समुद्राची भीती बसली आहे, त्याच्यासाठी देवाकडे मागा, एवढंच म्हणाले. पण माझी एकुलती एक बहीण केरीला कुणाच्या घरी आहे, हे त्यातल्या प्रत्येकीला माहीत होतं. वादळात सापडलेल्या नावेचा उतारा मी वाचला. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. जाताना एकीने माझा हात हातात घेऊन म्हटलं, "किती सुंदर वाचता तुम्ही!" त्या रात्री मला छान झोप लागली.

त्यांच्यातल्या एकीच्या भावाचं केरीच्या किनाऱ्यावर हॉटेल होतं. आठ दिवसांत गोष्ट तिथे पोचली. "कंबर कशी आहे? पाणी बघूनच दुखते की काय?" असं लोक बहिणीच्या नवऱ्याला भर बाजारात विचारू लागले. पंधरवड्यात तो घर सोडून पणजीला गेला आणि एका इमारतीच्या गेटवर रखवालदार म्हणून उभा राहिला.

बहिणीचा फोन आला. "अक्का, तू बोललीस?"

"प्रार्थनेत मागितलं गं. वाईट मनाने नाही."

तिने फोन ठेवला.

पुढे वर्षभर मी तिला रोज फोनवर एक वचन पाठवत राहिले. सगळी क्षमेची. क्षमा करणं तिचं कर्तव्य आहे, हे तिला कळावं म्हणून. ती वाचायची, उत्तर द्यायची नाही. एकदाच लिहिलं, "आता वचनं पाठवू नकोस." मला राग आला. हिचा विश्वासच कमी, असं मी मनात म्हटलं.

मग एका शुक्रवारी दुसऱ्याच कुणासाठी येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातलं काही शोधताना वेदीजवळच्या अर्पणाची ओळ समोर आली. अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर ते तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. ही ओळ मी कितीजणींना समजावून सांगितली होती! मोठ्याने वाचायला लागले आणि अर्ध्यावरच बायबल मिटलं. "आज राहू दे," म्हणून मी बायकांना परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी म्हापसा करत केरीला गेले. बहीण अंगणात सुकत घातलेले बांगडे उलटत होती. तिने पाणी दिलं, पण आत ये म्हणाली नाही.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "क्षमा मी मागायची होती. मी तुलाच करायला सांगत बसले."

ती बांगडे उलटत राहिली. "माझ्याकडे काय मागतेस? त्यांच्याकडे जा."

तशीच पणजीला गेले. गेटवर तो दिसला. गणवेश अंगावर सैल होत होता. मला बघून उठला आणि स्वतःची प्लास्टिकची खुर्ची पुढे केली. मी उभ्यानेच सगळं बोलले. तो रस्त्याकडे बघत होता.

"अक्का, तुमी खोटा काय सांगलात?" तो म्हणाला. "खरा ताच सांगलात."

त्याने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तेवढ्यात आतून गाडी आली. त्याने धावत जाऊन गेट उघडलं, सलाम केला, आणि परत येऊन मला विचारलं, "चाय सांगू?"

तो अजून पणजीलाच आहे, रविवारी घरी येतो. होडी विकली. बहीण माझे फोन घेते, काय रांधलं विचारते. सगळं बरं आहे, म्हणते. गेल्या पावसाळ्यात तिचं पोटाचं ऑपरेशन झालं. मला ते दोन महिन्यांनी भाच्याच्या बोलण्यातून कळलं.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"होऊन गेलं ना, अक्का," ती म्हणाली, आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी केली.