आठ अधिक सात चौदा

यादोराव गुरुजींना आठ अधिक सात येत नाही, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत फिरलो. हे खरं नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आंधळगावाकडच्या एका खेड्यात आमची चौथीपर्यंतची शाळा, मास्तर दोनच. तिसरी-चौथी माझ्याकडे, पहिली-दुसरी त्यांच्याकडे. माझी पोरं तीसपर्यंतचे पाढे, वर पावकी-निमकी घडाघडा म्हणायची. शाळा सुटायच्या वेळी पाढे सुरू झाले की वाटेवरचे लोक सायकल थांबवून ऐकत. गणितात या भागात आपल्या तोडीचा कुणी नाही, असं मला वाटायचं आणि मी ते लपवतही नसे. मग हे गृहस्थ बदलून आले. धोतर, डोक्यावर टोपी आणि खिशात मूठभर चिंचोके.

त्यांची रीत अशी, की फळ्यावर गणित मांडायचं आणि उत्तर चुकीचं लिहायचं. मग खडू खाली ठेवून, अगदी भोळा चेहरा करून उभं राहायचं. आधी एखादं पोर कुजबुजे, मग सगळा वर्ग उसळे, गुरुजी चुकलं, गुरुजी चुकलं. गुरुजी सहजासहजी ऐकत नसत. "कायच्यानं चुकलं? दाखव मले," म्हणत. पोर चिंचोके मांडून दाखवी, तेव्हा कुठे ते कपाळावर हात मारून घेत आणि फळा पुसत. दिवाळी आली तरी त्यांच्या पहिलीला दोनाचा पाढा येत नव्हता. मी एकदा टोमणा मारलाच. तर म्हणाले, "मास्तर, पाढे तं मांगून येतेच. पयल्या वर्षी पोराले मास्तरची चूक सांगता आली, का झालं."

झालं म्हणे! बारा वर्षं घसा फोडून मी पाढे घेत होतो आणि लोक आता त्यांच्या खिडकीशी उभे राहून हसू लागले. नव्या धानाचे पोहे ज्या घरांतून आधी माझ्याकडे यायचे, त्या घरांतून ते त्यांच्याकडे जाऊ लागले. तेही मी सोसलं असतं. पण माझी मीना त्यांच्या पहिलीत होती. घरी मी पाच आणि चार किती असं विचारलं की तिचं तोंड शिवल्यासारखं बंद व्हायचं; जास्त विचारलं तर डोळ्यांत पाणी. तीच पोरगी जेवताना आईला रंगवून सांगायची, आज गुरुजी तीनदा चुकले आणि दोनदा मीच धरलं. मी ताटावर बसून ऐकायचो. जळत होतो मी, सरळ सांगतो.

शेवटी मी वर अर्ज केला. पहिलीचे शिक्षक फळ्यावर चुकीची उत्तरं लिहितात. मुलांचं नुकसान होत आहे. पहिल्या वाक्यात तरी काहीच खोटं नव्हतं, अशी मी माझी समजूत घातली.

महिनाभरात तपासणीला साहेब आले. पहिलीच्या वर्गात खुर्चीवर बसले, मी दाराशी उभा. आज तरी हा माणूस सरळ शिकवील, असं मला वाटलं. गुरुजींनी फळ्यावर आठ अधिक सात मांडलं, पुढे चौदा लिहिलं आणि खडू खाली ठेवला. साहेबांच्या धाकानं वर्ग चिडीचूप. पोरं एकमेकांकडे बघत राहिली. मग मीना उठली.

"गुरुजी, चुकलं. पंधरा होते."

कायच्यानं, असं गुरुजींनी नेहमीसारखंच विचारलं.

"सातातले दोन आठाले देल्ले, तं दहा झाले. पाच उरले."

गुरुजींचा चेहरा असा फुलला, जणू साहेब तिथे नव्हतेच. साहेब मात्र वहीत लिहीत होते. सहा वर्षांच्या पोरीला येतं ते शिक्षकाला येत नाही, असं ते मोठ्यानं म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, हे नेहमीच असे चुकतात का?

मुद्दाम चुकतात, एवढंच मला सांगायचं होतं. मी म्हणालो, "हो साहेब."

त्यांची बदली झाली बपेऱ्याकडे, पार मध्यप्रदेशच्या हद्दीला. जायच्या दिवशी ते सायकलला ट्रंक बांधत होते. मी दोरीचं टोक धरायला पुढे झालो आणि विचारलं, साहेबांना खरं काय ते सांगितलं का नाही.

"पोरायसमोर कसा सांगू, मास्तर? मी जानून चुकतो हे त्यायले कळलं असतं, तं उद्यापासून माही चूक कोन धरली असती?" गाठ आवळून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "मीनाले बोलू देजा." अर्ज कुणी केला हे त्यांना ठाऊक होतं की नाही, मला कधीच कळलं नाही.

नवा मास्तर येईपर्यंत पहिली माझ्याकडे आली. जे त्यांना जमतं ते मला न जमायला काय झालं, अशी खुमखुमी होतीच. एके दिवशी मी फळ्यावर नऊ अधिक चार मांडलं, पुढे बारा लिहिलं आणि खडू ठेवला. भोळा चेहरा काही साधेना, तरी केला. वाट पाहिली. कुणी कुजबुजलं नाही. पाट्यांवर पेन्सिली खरडल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

मी रांगेतून फिरत पाट्या पाहिल्या. एकेकीवर बारा, नीट, घोटून काढलेले. शेवटी मीनापाशी आलो. तिनं तेरा लिहिलं होतं. मला जवळ आलेलं पाहताच तिनं ओल्या बोटानं तीन पुसला आणि तिथे दोन काढला.